सव्वा तासाचं अंतर

"आई, बाळ गेला," ईरा फोनवर म्हणाली.

"गेलं," राजश्री म्हणाली. "बाळ गेलं म्हणतात."

आपण काय बोलून बसलो हे राजश्रीच्या ध्यानात येईपर्यंत विमानाचं दार लागलं होतं आणि एअर होस्टेस शेजारी येऊन उभी राहिली होती. राजश्रीनं मुकाट्यानं फोन बंद केला.

ईरा ॲमस्टरडॅमला नोकरीला. गरोदरपणाचा सातवा महिना. काल संध्याकाळी तिला हॉस्पिटलमध्ये हलवल्याचं कळलं आणि राजश्रीनं ब्रिस्टलहून सकाळचं पहिलं विमान धरलं. मुलगी तिकडे राहायला गेली तेव्हा उदयनं बायकोची समजूत घातली होती, "अगं, लंडनला, ईलिंगला तुझ्या ताईकडे जायला याहून जास्त वेळ लागतो. सव्वा तास म्हणजे काय?" मग येणाऱ्याजाणाऱ्याला दोघंही तेच सांगत सुटले. सव्वा तास.

ईराला मराठी आलं ते राजश्रीमुळे. 'दूध सांडला' म्हटलं की 'सांडलं'. 'माझा पुस्तक' म्हटलं की 'माझं'. भाजी चिरता चिरता, मान वर न करता. पोरगी सगळं शिकली, तो-ती-ते मात्र तिला कधी साधलं नाही. आणि आज आईची जीभ सवयीनं चालली. वेळ नाही, काळ नाही, मेलीनं काही म्हणून बघितलं नाही.

रडू येत नव्हतं. राजश्री वाट बघत होती, पण येत नव्हतं. समोरच्या खिशातलं लाइफ जॅकेटचं कार्ड तिनं वरपासून खालपर्यंत वाचलं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "हॉलिडे?"

"मुलीकडे," राजश्रीनं इंग्रजीत सांगितलं.

"लव्हली."

"हो ना," राजश्री म्हणाली. आलेला चहा प्यायली, बिस्किटही खाल्लं. नातवंड गेलं हे तिला कळलं होतं, पण परगावच्या पावसाची बातमी कळावी तसं. खुपत होतं ते एवढंच, की डॉक्टरांशी, नवऱ्याशी ईरा इंग्रजीतच बोलली असणार. आईला सांगायला म्हणून तिनं मराठी जुळवलं होतं. आणि आईनं चूक काढली.

विमान उतरलं. घड्याळ एक तास पुढे करायचं होतं, ते तिनं केलं नाही. माणसं उभी राहून वरच्या बॅगा ओढायला लागली. राजश्रीनं बसल्या जागेवरूनच फोन लावला.

"ईरा, बा..." 'बाळा' हा शब्द तिनं तोंडातल्या तोंडात गिळला. "ईरू, चुकलं माझं. मघाशी मी उगाच..."

"इट्स ओके, आई." ईराचा आवाज सपाट होता. "मला माहितीये, बाळ 'गेलं' असतं. आय नो दॅट वन."

"हो गं. हो."

"पण आम्ही आधी विचारलं नव्हतं ना, बॉय ऑर गर्ल. मुलगा होता, आई. मी त्याला बघितलं. म्हणून मी 'गेला' म्हणाली."

बाजूची बाई बाहेर पडायला खोळंबली होती. राजश्रीला उठता येईना.

"बरोबर म्हणालीस," ती म्हणाली. "गेला."