नुसतं विसरणं

"जिन्यात सांभाळा, पाय मोडेल!" लेक हमालांवर ओरडली. कोचाचा की हमालाचा, ते काही तिने सांगितलं नाही.

चाळीस वर्षं माणसं या कोचावर आडवी पडून बोलली आणि तिचे बाबा उशाशी बसून गप्प ऐकत राहिले. बाबा जुन्या वळणाचे मनोविश्लेषक. एकेक पेशंट पाच-पाच वर्षं यायचा. शेजारच्या खोलीत लेकीचं समुपदेशन चाले. समोरासमोर दोन खुर्च्या, मोजून आठ भेटी, वर घरी करायला अभ्यास.

"तुमच्याकडे माणूस बरा होईपर्यंत म्हातारा होतो," ती चिडवायची.

"आणि तुझ्याकडे तोंड उघडेपर्यंत सुट्टी होते," बाबा म्हणायचे.

सगळ्यात मोठं भांडण छत्रीवरून. पेशंट छत्री विसरून गेला की बाबांची कळी खुले. "अगं, विसरत नसतं कुणी. त्याला परत यायचंय!"

"बाबा, कधीकधी माणूस नुसता विसरतो हो!"

आज बाबा दुकान आवरून मुलाकडे निघाले होते, कायमचे. लेकीला खोली मोकळी होईल, म्हणून हे त्यांनीच काढलेलं. त्यांना नातवंडांची ओढ असेल, असं समजून तीही हो म्हणाली. म्हणाली खरी, पण आठवडाभर तिला घास गोड लागत नव्हता. 'मनातलं स्पष्ट बोला' हे ती रोज सहा जणांना शिकवायची. आज तिचीच बोलती बंद. 'नका जाऊ' एवढे दोन शब्द काही केल्या ओठांवर येईनात.

"औषधं घेतली?" तिने विचारलं.

"घेतली."

"चष्मा?"

"नाकावर आहे."

"तिकीट?"

बाबांनी एक खिसा चाचपला. मग दुसरा. मग उगाच खिडकीबाहेर बघू लागले.

"काढायचं राहिलंच की गं."

चाळीस वर्षांत या माणसाने एकाही पेशंटची वेळ चुकवली नव्हती. ती बघतच राहिली.

"अशी काय बघतेस?" बाबा कावरेबावरे झाले. "तूच म्हणतेस ना, कधीकधी माणूस नुसता विसरतो?"

तिला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले. ती जिन्याकडे धावली.

"अहो, तो कोच वर आणा परत!" आणि वळून म्हणाली, "बाबा, विसरत नसतं कुणी."