झाडावरची सभा

सुभानपुऱ्यातल्या सोसायटीमागचं जंगल तोडायचं नाही, हा ठराव एकमताने पास झाला. दुसऱ्या दिवशी, ठरावच काय, सभासुद्धा झालीच नाही, असं त्याच सभासदांनी एकमताने ठरवलं.

जंगल रहिवाशांनीच लावलेलं, सेक्रेटरी शालिनीताईंच्या नादाने. झाडं वाढली, मोर आले, मुंगसं आली, आणि मग लोकांना त्याच जागी पार्किंग हवंसं वाटू लागलं. ताईंचा जीव कासावीस झाला. लोकांना निदान तोडताना लाज वाटावी म्हणून त्यांनी सभा मुद्दाम झाडांखालीच बोलावली. चहा यायच्या आत मगरींच्या विश्वामित्री नदीला मिळणाऱ्या नाल्यातून एक मगर आली आणि फाटकात आडवी पडली.

अख्खी सभा झाडांवर चढली.

"शालिनीबेन, तमारी मगरने बोलावी लो!" आपली मगर परत बोलवा, असं चेअरमन गजेंद्रभाई कडुलिंबावरून गुजरातीत ओरडले.

"वनखात्याची माणसं निघालीत, भाई. तोवर कामकाज उरकून घेऊ," ताई जांभळाच्या फांदीवरून म्हणाल्या. "ही झाडं तोडावीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

दोन्ही हातांनी खोडाला मिठी मारून बसलेल्या सभासदांपैकी एकानेही हात वर केला नाही.

आता रविवारी पुन्हा सभा आहे. ताईंनी जागा तीच ठेवली आहे, आणि वनखात्याला अर्जही दिला आहे:

"आपल्या ताब्यातील मगर फक्त रविवारच्या सभेपुरती सोसायटीस परत मिळावी, ही नम्र विनंती. जाण्यायेण्याची रिक्षा आमच्याकडून."