दाणा बुडाला पाहिजे

पाडव्याच्या सकाळी शंकरप्पानं गाडी ईश्वरप्पांच्या अडत दुकानासमोर इतक्या हळू आणली, की शेजारी बसलेल्या बायकोला, गंगम्माला, ती थांबल्याचंही कळलं नाही. शेवटच्या चार पावलांत टायर झिजायला नको, एवढाच त्याचा हिशेब. वर्षभर तो असाच चालवत आला होता. मागून आलेली बैलगाडी पुढं निघून गेली, की अक्कलकोटचे प्रवासी त्याची सालटी काढायचे. पण पठ्ठ्यानं कधी कचकन ब्रेक मारला नाही, की चाक खडीवर घातलं नाही.

"उतर की," तो म्हणाला.

"उतरते. घाईत दार उघडंना."

घाई होतीच तशी. आज तिच्या पाटल्या परत यायच्या होत्या. गेल्या पाडव्याला, ऐन दुष्काळात, ही अँबॅसिडर ईश्वरप्पांकडून वर्षाच्या बोलीवर भाड्यानं घेतली तेव्हा अनामत म्हणून तिनंच हातातून उतरवून दिल्या होत्या. बोली सरळ होती. तेलपाणी, दुरुस्ती शंकरप्पानं करायची. गाडी परत देताना टायरांची नक्षी उरलेली पाहिजे. टायर गोटा झाले असतील, तर पाटल्या मोडून नवे टायर. आणि नक्षी उरली की नाही हे मोजायची ईश्वरप्पांची रीतही धान्याच्या अडत्याला शोभेल अशीच होती. ज्वारीचा दाणा टायरच्या खाचेत ठेवायचा आणि वरून तळहात फिरवायचा. दाणा हाताला लागता कामा नये.

ईश्वरप्पा कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून, तोंडात कडुलिंबाचा पाला चावत बाहेर आले. स्वारी खुशीत होती. का नसावी? गेल्या साली त्यांच्या दुकानात उंदीरसुद्धा फिरकत नव्हते, आणि आज पोत्यांना जागा पुरत नव्हती म्हणून थप्पी रस्त्यावर आली होती.

त्यांनी उसवलेल्या पोत्यात हात घालून मूठ भरून घेतली. "बघ शंकरप्पा, मालदांडी ज्वारी! कसा मोत्यावानी दाणा हाय. पावसानं औंदा लाज राखली बघ." मग धोतर सावरत ते मागच्या चाकापाशी बसले. खाचेत दाणा ठेवला, तळहात फिरवला.

हात अडला.

त्यांनी दुसऱ्या खाचेत ठेवला. तिथंही अडला.

"लागतोय रे."

"कसा लागंल, मालक? लई जपलंय म्या!" शंकरप्पानं खाली बसून स्वतः हात फिरवला, आणि त्याचं तोंडच उतरलं. टपोऱ्या दाण्याचं डोकं खाचेच्या वर आलं होतं.

"मी काय करू? बोली म्हंजी बोली," ईश्वरप्पा म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण ते चाकाकडंच बघत राहिले.

काल संध्याकाळीच गंगम्मानं स्वतः बघितलं होतं. दाणा बुडत होता, नीट बुडत होता. तिनं खाचेतला तो दाणा उचलला, बोटांत फिरवला आणि एकदम कंबरेची चंची काढली. सुपारीखालून तिनं चिंधीची एक गाठ काढली आणि दातानं सोडली. आत ज्वारीचा दाणा होता. बारका, सुरकुतलेला, मातकट.

"मालक, ह्यो घालून बघा."

"ह्यो कुठला?"

"तुमचाच की. गेल्या पाडव्याला तुमी टायरात घालून दावलं, 'ह्यो बुडाला पायजे' म्हणला, आन् मग टाकून दिला. मी उचलला. याच्यानंच बघतोय आमी वरीसभर."

"येक दाणा? येक दाणा कशाला उचलायचा गं?"

"त्या साली दाणा टाकवत हुता व्हय, मालक?"

ईश्वरप्पांनी तो दाणा खाचेत ठेवला. हात फिरवला, हात सरळ पुढं गेला. त्यांनी एकेक चाक बघितलं, सगळ्या चाकांवर हात तसाच सरळ गेला. शंकरप्पानं आनंदाच्या भरात बॉनेटवर अशी थाप मारली, की वर्षभराची सगळी सबुरी त्या एका थापेत निघून गेली.

"बोली ह्या दाण्याची हुती," ईश्वरप्पा म्हणाले. "माप ह्येच." मग त्यांनी दोन्ही दाणे तळहातावर शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले. "असला दाणा खाऊन जगलो व्हय आपण?"

"असला मिळाला त्या दिवशी सण हुता," गंगम्मा म्हणाली.

ते आत गेले आणि तिजोरीतून पाटल्या घेऊन आले. गंगम्मानं हात पुढं केला. शंकरप्पानं पहिली पाटली चढवायला घेतली. ती बोटांवरून सरकली आणि अंगठ्याच्या सांध्याशी येऊन अडकली. त्यानं दाबली, फिरवली, पुन्हा दाबली. पाटली काही पुढं सरकेना.

गेल्या पाडव्याला गंगम्मानं नुसता हात खाली केला होता, तर दोन्ही पाटल्या आपोआप गळून पडल्या होत्या.

"तेल आणा रे कोणीतरी!" ईश्वरप्पांनी आत आवाज दिला.

"नको, मालक." गंगम्माच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती हसत होती. "तेल नको. दुखू द्या की जरा."