बाहीवरचं घड्याळ

अंतराळवीर घड्याळ बाहीवरून बांधतात म्हणे. पेपरात तसा फोटो आला, तेव्हापासून आमचे हेही शर्टाच्या बाहीवर घड्याळ बांधून लूमवर यायला लागले. पट्टा पुरेना, तर दाभणाने टोकाजवळ नवीन भोक पाडलं. हे कापड विणायचा लूम चालवतात, मी शेजारी बसून त्याला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरते. त्याच बातमीत होतं, आता तिकीट काढून साधी माणसंही वर जाणार आणि चार मिनिटं तरंगणार. "आपल्याला तिकीट न्हाय लागत," हे म्हणाले. कारण रोज दुपारी लोडशेडिंग होतं, आणि शेठचा जनरेटर सुरू व्हायला बरोबर चार मिनिटं लागतात. तेवढा वेळ सगळे लूम गप्प. छपराच्या फटींतून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू खाली पडायचं विसरतात, आणि एरवी खडखडाटात खुणांनी बोलणारी आम्ही दोघं हळू आवाजात बोलतो. आजही वीज गेली. ह्यांनी मनगट वर धरलं. "कमळे, उडालो बघ." मी हसले. एक तंतू माझ्या पापणीवर येऊन बसला. दोन मिनिटं झाली, तीन झाली, चार झाली. जनरेटर काही सुरू होईना. दारात शेठ उभा होता, त्याच्यामागे भंगारवाल्याचा टेम्पो. "रामनाथभाऊ, जनरेटर सुबह ही बेच दिया. अब लूम भी जाएंगे," तो खाली बघत ह्यांना म्हणाला. "पाच झाली," मी म्हणाले. ह्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग उन्हातल्या तंतूंकडे. "वर कसं जायचं ते पेपरात व्हतं गं," हे म्हणाले. "उतरायचं कसं, ते न्हाय दिलं."