सहाचं दान

मोबाइलवरचा राक्षस पकडायचा खेळ फासे टाकून, तोंडाने बोलून टेबलावर खेळता आला, तर मुलाचं नाव होणार होतं. नियम तपासायला माणसंही घरचीच, फुकटची. बायको शिकारी झाली आणि राक्षसाचं काम आईच्या गळ्यात पडलं, कारण ती कशालाच नाही म्हणत नसे.

पहिल्याच दानाला राक्षसाची सोंगटी शिकाऱ्याच्या डबीत गेली.

“आई, बोल की काहीतरी. मोबाइलवर राक्षस मुका असतो, इथे बोलतो.”

“काय बोलू? जागा बरी आहे. जेवण वेळेवर मिळतं.”

“आई, कसल्या मुरलेल्या राक्षस आहात हो तुम्ही!” सून हसली.

पुढचं दान आईचं. सहा पडले.

“सुटलीस! जा आता,” मुलगा म्हणाला.

“कुठे जाऊ?”

मुलाने नियमांची वही चाळली. मोबाइलवर सोडून दिलेला राक्षस नुसता नाहीसा व्हायचा. पुढचं त्याने लिहिलंच नव्हतं.

“जिथून आणला तिथे,” सुनेने तोडगा काढला.

“तिथे आता दुसरी माणसं राहतात. किल्ल्या तूच दिल्यास ना रे त्यांना?” असं म्हणून आईने सोंगटी स्वतःच डबीत परत ठेवली.

मुलाला नियमातली चूक सापडली, सुनेला राक्षस परत मिळाला. आईचे सहा तेवढे वाया गेले.