एकटीचा फोटो

“एकच माणूस मावेल असा दाखव,” फुसाए म्हणाली.

विक्रेत्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. ओसाकाच्या बायका दुकानात शिरल्या की आधी थट्टा करतात, मग भाव पाडतात. तो हसला आणि त्याने साबणाच्या वडीएवढा एक कॅमेरा समोर ठेवला. “आजी, यात तर अख्खं कुटुंब बसतं. जावई, नातवंडं, सगळे.”

“आजी कुणाची रे? कॅमेरा विक, नाती जोडू नकोस.”

शेजारी उभी असलेली तिची मुलगी मिचियो ओशाळली. “आईला स्वतःचा फोटो हवाय. म्हणजे... नंतरसाठी.”

विक्रेत्याने मान लववली आणि आवाज खाली आणला. नंतरचा फोटो म्हणजे फुलांच्या मधोमध, काळी फीत लावून ठेवतात तो. शहाणी माणसं तो धडधाकट असतानाच काढून ठेवतात. नाहीतर ऐन वेळी घरचे कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून मुंडकं कापून आणतात.

“तरी मी म्हणते, स्टुडिओत जाऊ,” मिचियो म्हणाली.

“फोटोवाल्यापुढे बसलं की माझं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं होतं. घरीच काढीन. एकटीचा. कुणाला कात्री लावायला जागाच ठेवणार नाही.”

मिचियोने नजर वळवली. ती कात्री तिनेच लावली होती. बाबा गेले तेव्हा तिला त्यांच्या ऑफिसच्या सहलीतला एक फोटो सापडला. त्यात ते मनापासून हसत होते, घरी कधी हसले नव्हते तसे. शेजारी ऑफिसातली ती बाई होती, जिचं नाव घरात कुणी काढत नसे. मिचियोने बाईला कापून टाकलं, पण बाबांच्या खांद्यावर तिची चार बोटं राहून गेली. आईच्या लक्षात आली नसतील, या आशेवर मिचियो इतकी वर्षं जगत होती.

“मग हा नवा बघा,” विक्रेता म्हणाला. “बटण दाबायचंच नाही. तुम्ही हसलात की आपोआप फोटो काढतो.” त्याने कॅमेरा छोट्या तिपाईवर बसवला आणि तोंड फुसाएकडे केलं.

फुसाएने पदराची पिन सावरावी तशी गळ्यातली शाल नीट केली आणि ओठ ताणले. कॅमेरा गप्प. तिने दात दाखवले. तरी गप्प.

“मनापासून हसा. खोटं हसू त्याला चालत नाही.”

“तुझ्या बाबांना बरं जमलं होतं,” फुसाए म्हणाली.

मिचियो घाईने म्हणाली, “आई, त्या एकाच फोटोत हसत होते गं ते.”

“ठाऊक आहे. म्हणून तर बदलला नाही.” फुसाए कॅमेऱ्याकडे बघतच बोलत होती. “रोज सकाळी पहिल्या वाफेचा भात त्यांच्या त्या फोटोपुढे ठेवते. त्यांचं पोट भरतं की नाही देव जाणे.”

मिचियोला रडू आवरेना. ती पुढे झाली आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

“त्या बाईची बोटं मात्र माझ्या हातचं खाऊन चांगली गुबगुबीत झाली असतील,” फुसाए म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर फस्सकन हसली.

खट्.

विक्रेत्याने खुशीत कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. फोटो खरंच सुरेख आला होता. चेहरा कसा उजळ, एखाद्या सुखी बाईचा वाटावा असा. आणि खांद्यावर मिचियोची चार बोटं.

“हात तेवढा कापता येतो,” तो म्हणाला. “कुणाला कळतसुद्धा नाही.”

“कळतं,” फुसाए म्हणाली.