छबीची शिकवणी

"आजी, तुम्ही बसा. छबीला करू द्या," ताई म्हणाल्या आणि आजींच्या हातातला टॉवेल त्यांनी अलगद काढून घेतला.

बसवत नव्हतं, तरी आजी खुर्चीत बसल्या. समोर टबात आठ महिन्यांची नात, आणि टबाशी तिची आई छबी. छबी आजींची एकुलती एक लेक, जन्मापासून बुद्धीनं जरा मागे. तिचं न्हाऊमाखू, वेणीफणी सगळं आजींनीच केलं. जावईही तसाच, भोळासांब. तेव्हा बाळाचंही आपल्यालाच बघायचंय, हे आजींनी धरूनच चाललेलं. आणि मध्येच या ताई उपटल्या! अशा आईबापांना मूल सांभाळायला शिकवायचं, म्हणून मदत केंद्रानं पाठवलेल्या.

"आधी काय बघायचं?" ताईंनी विचारलं.

छबीनं पाण्यात कोपर बुडवलं. "कोमट आहे."

"शाब्बास!"

आजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हेच त्यांनी किती वेळा सांगितलं होतं! पण आईनं सांगितलं की कटकट, ताईंनी सांगितलं की शाब्बास. हल्ली छबी भाजी चिरतानासुद्धा 'ताई म्हणतात' असं सुरू करायची. आणि ती चिमुरडी? ताईंचा आवाज ऐकला की खुदकन हसायची. रात्र रात्र मांडीवर घेतलं कुणी, आणि हसू कुणाला!

नातीनं पाण्यात हात आपटले. आजी ताडकन उठल्या. "घसरेल ती, घसरेल!"

"धरलंय मी, आई," छबी म्हणाली.

"बसा, आजी. मागच्या खेपेपेक्षा आज कमी वेळा उठलात," ताई हसून म्हणाल्या.

वर टोमणे! आजी धुसफुसत पुन्हा खुर्चीत टेकल्या.

अंघोळ उरकली. नातीला पुसून, दुपट्यात गुंडाळून छबी तिला झोपवायला आत गेली. आजी याचीच वाट बघत होत्या.

"एक विचारू, ताई? लेक माझी, नात माझी. परक्या माणसानं किती दिवस मध्ये यायचं? छबीचं शिकणं एकदाचं संपणार तरी कधी?"

ताईंनी खांद्याला लावलेली पिशवी पुन्हा खाली ठेवली.

"ते गेल्या महिन्यातच संपलं, आजी. बाळाला कडेवर घेऊन ती एकटीच केंद्रात आली होती. म्हणाली, 'मला आता जमतं. आईला शिकवायला या.'"